‘गोळी लागू पडली नाही’ म्हणजे काय?

आमच्या नात्यातील एका काकांना नाशिकला स्टेंट बसवला. त्र्यंबकेश्वरला परतल्यावर तीन महिने त्यांनी गोळ्या घेतल्या. पुढे बरे वाटू लागले म्हणून परस्पर सोडल्या. महिनाभरात दुसरा झटका आला. घरचे म्हणाले, “गोळी लागू पडली नाही.” या वाक्याचा अर्थ प्रत्येकाने समजून घेणे अगत्याचे आहे.

या गोळ्यांना आपण ‘रक्त पातळ करणाऱ्या’ म्हणतो. वास्तविक रक्त पातळ होत नाही. रक्तातील रक्तपट्टिका, म्हणजे प्लेटलेट, एकमेकींना चिकटून गुठळी होते. ते चिकटणे ॲस्पिरिन व क्लोपिडोग्रेल रोखतात. रक्तपट्टिकेचे आयुष्य सात ते दहा दिवसांचे. रोज नव्या तयार होतात, म्हणून गोळीही रोज लागते.

तरीही काही रुग्णांत गुण कमी येतो. क्लोपिडोग्रेल पोटात जाते तेव्हा निष्क्रिय असते. यकृतातील सीवायपी२सी१९ नावाचे विकर तिला कार्यक्षम करते. या विकराचे जनुक आई व वडील दोघांकडून मिळते. दोन्ही प्रती दुबळ्या असल्यास औषध पुरेसे तयार होत नाही. अमेरिकेच्या औषध प्रशासनाने मार्च २०१० मध्ये याबाबत ठळक इशारा दिला. अशा दुबळ्या प्रती युरोपीयांपेक्षा भारतीयांत अधिक आढळतात.

अन्य कारणेही आहेत. मधुमेहात रक्तपट्टिका अधिक चिकट होतात. पित्तासाठी घेतलेले ओमेप्राझोल त्याच विकराला अडवते. अंगदुखीसाठी वरचेवर घेतलेले आयबुप्रोफेन ॲस्पिरिनच्या आड येते.

अशा वेळी प्रासुग्रेल किंवा टिकाग्रेलॉर हे पर्याय आहेत. त्यांचा परिणाम जोरकस, पण रक्तस्रावाचा धोकाही जास्त. म्हणून निवड डॉक्टरांनीच करावी.

मात्र गोळीला दोष देण्यापूर्वी ती रोज पोटात गेली का, हे आधी पाहावे. काकांच्या बाबतीत गोळी हरली नव्हती. ती घेतलीच गेली नव्हती. बँकेत पेन्शन घ्यायला येणारे कित्येक वृद्ध सांगतात, “पैसे आले की गोळ्या आणू.” मधले ते चार दिवसच घातक ठरू शकतात.

विद्यार्थी मित्रांनो, आज घरी गेल्यावर आजी-आजोबांच्या गोळ्यांची पाकिटे मोजा. नावे वाचून दाखवा, चालू असलेली सर्व औषधे एका कागदावर लिहा आणि तो कागद डॉक्टरांना दाखवा. दात काढायचा असला तरी हृदयाच्या डॉक्टरांना विचारल्याशिवाय गोळी थांबवू देऊ नका. आपल्या शिक्षणाचा घराला झालेला हा पहिला उपयोग ठरेल.