लिंबू, पिठीसाखर आणि उसाचा उतारा



ऊस गव्हाणीत पडल्यापासून साखर पोत्यात जाईपर्यंत काय काय घडते, याची माहिती आपण या पानांतून वेळोवेळी घेत असतो. पण तीच साखर स्वयंपाकघरात आल्यावर कशी वागते, याकडे आपले लक्ष कमी जाते. आज आपण एक लहानसा पदार्थ शिकू. त्यातून शेतकऱ्यालाही एक धडा मिळतो.

पदार्थ आहे लिंबाचे ग्लेझ. ग्लेझ म्हणजे केक, नानकटाई, गोड पाव अशा भाजलेल्या पदार्थांवर द्यावयाचा साखरेचा पातळ लेप. तो वाळला की वर पांढरा, किंचित चकाकणारा पापुद्रा बसतो. रीत मूळची युरोपातील घरगुती भट्टीची. पण पाकातले चिरोटे करणाऱ्या आपल्या भगिनींना ती मुळीच अवघड नाही. आज अनेक गावांत बचत गटाच्या महिला केक-नानकटाई करून विकतात. त्यांनी तर हे नीट समजून घ्यावे. कारण लेप चिकट राहिला तर तो कागदाला लागतो, माल खराब दिसतो आणि गिऱ्हाईक पुन्हा येत नाही.

साहित्य

पिठीसाखर १०० ग्रॅम, ताज्या कागदी लिंबाचा गाळलेला रस सुमारे ३ चहाचे चमचे (१५ मि.लि.), लिंबाची किसलेली साल चिमूटभर. सहा-सात इंची केकला एवढे पुरते.

साखर लहान दाण्याची असो की मध्यम, घरच्या मिक्सरवर चालते. मात्र भांडे आणि साखर अगदी कोरडी पाहिजे. दळून झाल्यावर बारीक चाळणीने किंवा मलमलीच्या फडक्याने चाळावी. एकही कण भरड राहिला तर तो लेपात खरखरीत लागतो. बाजारच्या आयसिंग शुगरमध्ये गोळे होऊ नयेत म्हणून थोडा स्टार्च घातलेला असतो. घरी साठवून ठेवायची असेल तर १०० ग्रॅम साखरेस एक लहान चमचा कॉर्नफ्लोअर मिसळावे.

कृती

१) केक पूर्ण थंड होऊ द्यावा. गरम केकवर लेप विरघळून आत मुरतो. तसा मुरलेलाच हवा असेल तर गोष्ट वेगळी.

२) काचेच्या किंवा स्टीलच्या भांड्यात साखर घ्यावी. पितळ, तांबे, ॲल्युमिनियम नको. आंबट रसाचा त्यावर परिणाम होतो.

३) रस एकदम ओतू नये. आधी दोन चमचे घालून घोटावे, मग थेंबाथेंबाने वाढवावा. सुरुवातीला वाटते की एवढ्या रसात काय भिजणार! पण घोटत गेलं की साखर आपोआप सैल होते.

४) चमचा उचलून धार सोडावी. धारेची रेघ दहाएक सेकंद दिसून मग मिसळली, म्हणजे लेप झाला. पातळ वाटला तर एक चमचा साखर, घट्ट वाटला तर रसाचे दोन थेंब.

५) शेवटी साल घालावी. फक्त वरची हिरवी-पिवळी साल किसावी. खालचा पांढरा भाग कडू असतो.

६) लेप केकच्या मध्यावर ओतून कडेने ओघळू द्यावा. तासाभरात वरचा भाग सुकतो. पावसाळी हवेत जास्त वेळ लागतो, तेव्हा पंख्याखाली ठेवावे. ओला लेप डब्यात बंद करू नये.

लेप लागेल तेवढाच करावा. उघडा ठेवला की भांड्यातच पापुद्रा धरतो. फ्रीजमध्ये ठेवलेला केक बाहेर काढला की त्यावर दव धरते आणि लेप पाझरतो, हेही ध्यानात असू द्यावे.

असे का होते?

साध्या तापमानास एक लिटर पाण्यात सुमारे दोन किलो साखर विरघळते. त्या हिशोबाने आपल्या १५ मि.लि. रसात ३० ग्रॅमच्या आसपास साखर विरघळेल. बाकीची ७० ग्रॅम बारीक कणांच्या रूपात तशीच राहते. म्हणूनच लेप पांढरा दिसतो. पाणी उडू लागले की विरघळलेली साखर या कणांवर येऊन बसते आणि सगळे एकमेकांना धरून घट्ट होते. कारखान्यात पॅनमध्ये बारीक दाण्याचे बी टाकून त्यावर साखर वाढवितात. तत्त्व तेच.

आता चूक कोठे होते ते पाहू. पाकाची सवय असलेला हात आधी शेगडीकडे वळतो. साखर आणि लिंबाचा रस एकत्र उकळला की तो दिसतो छान, पण वाळत नाही. आम्ल आणि उष्णता एकत्र आली की साखरेचा रेणू फुटून ग्लुकोज व फ्रुक्टोज तयार होते. कारखान्याच्या प्रयोगशाळेत याला इन्व्हर्ट साखर म्हणतात. ती गोड असते, पण स्वतः तर सहजी दाणा धरत नाहीच, शिवाय हवेतील ओलावा ओढून घेते. पाकाची साखर होऊ नये म्हणून आपल्या घरी पाकात लिंबू पिळतात ते याच गुणासाठी. पाकाला जे हवे, तेच ग्लेझला नको. म्हणून ग्लेझ थंडच करावे. थंडपणी ही क्रिया इतकी सावकाश होते की त्याआधी लेप वाळून जातो.

शेतातला धडा

हीच इन्व्हर्ट साखर ऊस उत्पादकाची वैरीण आहे. ऊस तुटल्यावर उन्हात पडून राहिला की त्यातील साखर फुटू लागते, जंतू आम्लता वाढवितात. अशा उसाचा गूळ नीट बसत नाही, पाझरतो, हे गुऱ्हाळ चालविलेल्या जुन्या मंडळींना चांगलं ठाऊक आहे. कारखान्यात चुन्याची निवळी देऊन रसाचा सामू सातच्या आसपास आणतात आणि पॅनमध्ये पोकळी करून कमी उष्णतेवर रस आटवितात, त्यामागेही साखर फुटू न देणे हा एक हेतू आहे. परंतु जी साखर फडातच फुटली, ती कोणतेही यंत्र परत जोडू शकत नाही. ती मळीत जाते.

२००९-१० च्या हंगामापासून लागू असलेली एफ.आर.पी. उताऱ्याशी जोडलेली आहे. तेव्हा हे नुकसान अखेर आपल्याच बिलात उतरते. तोड झाल्यापासून चोवीस तासांच्या आत ऊस गव्हाणीत पडावा, वाढे व पाचट साफ काढावे, शेंड्याच्या कोवळ्या कांड्या मोळीत बांधू नयेत. कारण त्यांत दाणा न धरणारी साखर मुळातच जास्त असते. वाहन आल्याशिवाय तोड धरू नये.

घरात केकवरचा लेप बसला नाही तर एक वाटी साखर वाया जाते. फडात हीच चूक झाली तर वर्षाच्या कष्टातला हिस्सा जातो. म्हणून भगिनींनी ग्लेझ थंडच करावे आणि बंधूंनी ऊस ताजाच पाठवावा.