लस टोचण्याआधी सांगायचे ते

चि. स्वाती,

पावसाच्या तोंडावर तुझी पहिली लसीकरण मोहीम सुरू होते आहे. घटसर्प आणि फऱ्या या गुरांच्या आजारांची लस घेऊन तू गोठ्यागोठ्यात जाशील, तेव्हा बहुतेक दावणींवर एकच प्रश्न ऐकशील: लसीने दूध आटते का? त्यावर ‘काही होत नाही’ असे उत्तर देण्याची आपल्या पशुसंवर्धन खात्यात जुनी सवय आहे. ती तू लावून घेऊ नयेस, म्हणून हे पत्र. ते उत्तर खोटे आहे आणि संध्याकाळची धार काढतानाच ते मालकाच्या लक्षात येते. घटसर्पाची लस मारलेल्या जंतूंची असते. जंतू मेला तरी त्याच्या आवरणातला विषारी अंश शाबूत राहतो आणि शरीर त्याला ताप आणून तोंड देते. म्हणून एक-दोन दिवस जनावर मलूल राहते, चारा कमी खाते आणि दूध घटते. बहुतेक जनावरांत दोन-तीन दिवसांत हे भरून निघते. टोचल्या जागी येणाऱ्या गाठीचे कारण वेगळे. लस शरीरात सावकाश झिरपावी म्हणून तिच्यात तुरटीच्या जातीचे क्षार किंवा खनिज तेल घातलेले असते. तेलातल्या लसीचे संरक्षण जास्त काळ टिकते, आणि तिची गाठही जास्त दिवस राहते.

पण सगळाच त्रास लसीच्या माथी मारू नकोस, काही आपल्या हातून होतो. गाठ गरम, दुखरी होऊन पिकली, तर बहुधा सुई किंवा कातडी अस्वच्छ होती. एकाच सुईने सारी वाडी टोचत गेले, तर एका जनावराच्या रक्तातला रोग दुसऱ्यात जातो. तुरटीयुक्त लस २ ते ८ अंश सेल्सिअसमध्ये ठेवायची असते. ती गोठली की तिच्यात गुठळ्या धरतात, आणि मग ती टोचूनही भरवशाचे संरक्षण मिळत नाही. खरा धोका क्वचित येतो, पण आला तर काही मिनिटांत येतो: ओठ-पापण्या सुजतात, श्वास लागतो, तोंडाला फेस येतो, जनावर कोसळते. अशा वेळी अॅड्रेनॅलिनचे इंजेक्शन हाताशी असेल तर जनावर वाचू शकते. म्हणून शेवटचे जनावर टोचल्याबरोबर गाडीला किक मारू नकोस. अर्धा तास तिथेच थांब.

सांसर्गिक गर्भपाताच्या लसीपाशी मात्र दुप्पट सावध राहा. २०१९ पासूनच्या राष्ट्रीय कार्यक्रमात ती ४ ते ८ महिन्यांच्या कालवडी आणि पारड्यांना आयुष्यात एकदाच देतात. स्ट्रेन १९ हा तिच्यातला जंतू १९२३ मध्ये एका जर्सी गाईच्या दुधात सापडला आणि पुढे प्रयोगशाळेत राहून सौम्य झाला. सौम्य झाला तरी तो जिवंत आहे. गाभण गाईला टोचला तर गाभडण्याचा धोका, वळूला टोचला तर वृषणाला सूज. मोठ्या जनावराला दिला तर पुढे रक्ततपासणीत रोग खरा की लसीचा, हे ओळखणे कठीण होते. तुझ्या बोटात सुई गेली किंवा डोळ्यात थेंब उडाला, तर तुलाही तो आजार होऊ शकतो. हातमोजे आणि चष्मा घातल्याशिवाय ती बाटली उघडू नकोस.

तुझे वरिष्ठ म्हणतील, हे सगळे सांगितले तर लोक लसच घेणार नाहीत. शंका रास्त आहे, काही जण खरेच मागे हटतील. पण न सांगता टोचलेल्या म्हशीचे दूध घटले की तो मालक पुढच्या वर्षी दारच लावून घेतो, आणि त्याचे ऐकून शेजारचे चार जणही. दुधाची घट दोन-तीन दिवसांची आहे हे आधीच ठाऊक असेल, तर तो तिचा हिशेब करू शकतो. त्या हिशेबात दुसऱ्या बाजूला काय आहे, तेही सांग: घटसर्पाने घसा सुजून म्हैस एका दिवसात जाते, आणि लक्षणे दिसल्यावर केलेला उपचार बहुतेकदा उशिराचा ठरतो.

दुसरा आक्षेप मालकांचा: लसीने जनावर गाभडले. शेकडो गाभण जनावरांच्या गावात लस दिली नसती तरी त्या आठवड्यात एखादे गाभडलेच असते, हे खरे. तेवढ्यावर तक्रार झटकू नकोस. भरल्या दिवसांत चढलेला ताप गर्भाला बाधू शकतो. जवळपास साथ नसेल तर अशा जनावराला व्यायल्यावर टोच. साथ दाराशी आली असेल तर धोका सांगून मालकाची संमती घे. लसीनंतर दोन दिवसांत जनावर घटसर्पानेच मेले, तर लसीने रोग दिला असे लोक म्हणतील. मेलेल्या जंतूपासून रोग होत नाही. ते जनावर बहुधा आधीच बाधित होते, आणि लसीचे संरक्षण उभे राहायला दोन-तीन आठवडे लागतात. हे त्यांना शांतपणे समजावून सांग, पण लसीचा बॅच क्रमांक आणि घडलेला प्रकार वहीत लिहून वर कळव. एकाच बॅचच्या तक्रारी गावोगावहून आल्या तर दोष लसीत असू शकतो, आणि तो नोंदींवाचून कोणालाही सापडणार नाही.

सोमवारी पहिल्या गोठ्यात शिरण्याआधी पेटीतल्या अॅड्रेनॅलिनची मुदत तपासून घे.

तुझा,
मामा