गोळ्या सोडल्यावर परतलेला टीबी

प्रश्न : धाकट्या भावाला टीबी झाला होता. बरं वाटताच दोन महिन्यांत त्याने गोळ्या सोडल्या. आता खोकला परतलाय. हा जंतू वेगळ्या जातीचा असेल का?
– एक वाचक, साकोली (जि. भंडारा)

उत्तर : क्षयजंतूंची बीजिंग, मध्य आशियाई अशी घराणी आहेत, पण औषधरोधकता कोणत्याही घराण्यात येऊ शकते. जंतू वाढताना त्याच्या जनुकांत आपोआप बदल होतात. 'आरपीओबी' जनुक ठरावीक ठिकाणी बदललं, की रिफॅम्पिसिन हे टीबीचं औषध निकामी ठरतं. एका औषधातून सुटलेला जंतू दुसऱ्याने मरावा, म्हणून सुरुवातीला ४ औषधं एकत्र देतात. उपचार अर्धवट राहिले, की नेमके चिवट जंतू उरतात आणि इतरांनाही लागण करतात. २०१२ मध्ये मुंबईच्या हिंदुजा रुग्णालयाने तर तपासलेल्या सर्व औषधांना दाद न देणाऱ्या टीबीचे रुग्ण नोंदवले.

जुन्या गोळ्या परस्पर सुरू करू नका. सरकारी रुग्णालयात थुंकीची सीबीनॅट किंवा ट्रूनॅट तपासणी मोफत होते. रिफॅम्पिसिन लागू पडेल का, हे काही तासांत कळतं. घरातल्या सगळ्यांचीही तपासणी करा. औषधरोधक टीबीही बरा होऊ शकतो. भावाला आजच घेऊन जा.