रात्री चालते, हाताने चालत नाही

हिंगणघाटच्या एका जिनिंगमध्ये वजनकाट्याच्या खोलीत लिनक्सचा जुना संगणक आहे. कापसाच्या गाड्यांच्या दिवसभराच्या काटापावत्या एक छोटी स्क्रिप्ट रात्री हिशेबाच्या फाईलमध्ये जमा करते. क्रॉनने चालवली की काम चोख. पावतीत एक रकाना वाढवायचा होता, म्हणून मी तीच ‘बॅश -एक्स’ लावून हाताने चालवली, तर ‘अशी फाईल नाही’ म्हणून अडायची. मुनीमजी म्हणाले, ‘‘भाऊ, रात्री तं बराबर चालते, तुम्ही बसले का बिघडते!’’ निदान अगदी अचूक होतं.

आपला फोल्डर शोधायला ती स्क्रिप्ट आधी ‘सीडी’ करते, मग ‘पीडब्ल्यूडी’ विचारते. ‘-एक्स’च्या ओळींत फोल्डरचा पत्ता दोनदा आलेला दिसला. पहिला ‘सीडी’नेच छापलेला. लांब पत्ते टाईप करायला नकोत म्हणून आधीच्या ऑपरेटरने बॅशआरसीत सीडीपाथ ठेवला होता आणि तो एक्स्पोर्टही केला होता. सीडीपाथमधून फोल्डर सापडला की ‘सीडी’ त्याचा पत्ता छापते. हा बॅशचा दोष नव्हे, पॉसिक्स मानकातच तसं आहे. मी स्क्रिप्ट नुसतं उपफोल्डरचं नाव देऊन चालवत होतो. क्रॉनमध्ये मात्र पूर्ण पत्ता होता, आणि तिरक्या रेघेने सुरू होणाऱ्या पत्त्याला सीडीपाथ लागूच होत नाही. शिवाय क्रॉन बॅशआरसी वाचतही नाही.

अशा वेळी बरेच जण ‘--नोआरसी’ लावून बघतात. उपयोग शून्य. स्क्रिप्ट चालवणारा बॅश ती फाईल एरवीही वाचत नाही. एक्स्पोर्ट केलेलं व्हेरिएबल तुमच्या टर्मिनलकडून त्याच्याकडे येतं. त्यापेक्षा ‘एन्व्ह -आय’ने सगळं कोरं करा, होम आणि पाथ तेवढे द्या आणि मग चालवा. चूक गेली, तर स्क्रिप्टला हात लावू नका. बॅशआरसी आणि प्रोफाइल उघडा. बॅश-एन्व्ह शोधा, कारण त्यात नाव असलेली फाईल बॅशच्या प्रत्येक स्क्रिप्टआधी चालते. आणि शेलऑप्ट्स! ‘सेट -ई’ चालू असताना कुणी ते एक्स्पोर्ट केलं, तर भलत्याच स्क्रिप्ट अर्ध्यात मरतात. माझ्या मते सगळ्यात छळवादी प्रकार हाच.

सीडीपाथ हवा तर खुशाल ठेवा, पण एक्स्पोर्ट न करता. स्क्रिप्टच्या सुरुवातीला ‘अनसेट सीडीपाथ’ लिहिलं तर आणखी बरं. आणि बदल केल्यावर नवं टर्मिनल उघडा. जुन्यात ते व्हेरिएबल तसंच राहतं.