कार्यप्रणालीचे मोठ्या डिस्कवर स्थलांतर

बोईसर-तारापूरच्या औद्योगिक वसाहतीत पाळी सांभाळून वारली, मांगेली किंवा वाडवळी बोलीवर प्रकल्प करणाऱ्या विद्यार्थ्याची १२८ जीबीची डिस्क ध्वनिमुद्रणांनी लवकरच भरते. मोठी डिस्क घेतल्यावर केवळ फाइली उतरवून घेणे पुरेसे नसते. युनिकोडपूर्व फाँटमध्ये टंकलिखित केलेली शब्दसूची तो फाँट नसलेल्या संगणकावर उघडली, तर मराठीऐवजी रोमन अक्षरे व चिन्हे यांचा गोंधळ दिसतो. फाँट पुन्हा बसविता येतो; परंतु त्याची मूळ सीडी दहा वर्षांनी सापडेलच असे नाही. म्हणून फाँट, कळफलक व कार्यप्रणाली यांसह संपूर्ण डिस्कची प्रतिकृती, म्हणजे क्लोन, करावा.

विंडोज सुरू करणारा लहानसा विभाग सामान्यतः 'सी' ड्राइव्हच्या बाहेर असतो. तो सुटला तर संगणक नव्या डिस्कवरून सुरू होत नाही. आधी शब्दसूची व ध्वनिमुद्रणे बाह्य डिस्कवर ठेवावीत. बिटलॉकर असल्यास त्याची ४८ अंकी रिकव्हरी की कागदावर लिहून घ्यावी. काम चालू असता वीज जाता कामा नये. १९६९ पासून अणुवीज निर्माण करणाऱ्या तारापूरच्या शेजारीही पावसाळ्यात ही काळजी घेतलेली बरी!

क्लोननंतर ५०० जीबीच्या डिस्कवरही 'सी' बहुधा पूर्वीएवढाच दिसतो. उरलेली जागा त्याला जोडताना मध्ये रिकव्हरी विभाग आला, तर 'एक्स्टेंड व्हॉल्यूम' हा पर्याय मिळत नाही. तो विभाग विभाजन-साधनाने शेवटी सरकवावा लागतो. प्रथम नवी डिस्क एकटीच जोडून संगणक सुरू करावा. शब्दसूचीतील ळ, ण, जोडाक्षरे तपासावीत, ध्वनिमुद्रणे ऐकावीत. तोवर जुनी डिस्क पुसू नये.