क्लासच्या आधी दाखला

दहावीचा निकाल लागला की फोन सुरू होतात आणि प्रश्न दरवर्षी तोच असतो. "सर, पोराला नीटसाठी लातूरला टाकू का?" ऊसतोडीला जाणारे आईबापही मुकादमाकडून जादा उचल घेऊन क्लासची फी भरायला निघतात. मी उलट विचारतो, "पोराचा जातीचा दाखला काढलाय का?" पलीकडे सामसूम.

स्पष्टच बोलतो. कर्ज बापाचं, हौस पाहुण्यारावळ्यांची आणि परीक्षा पोराची. त्याला काय आवडतं हे कुणी विचारलेलंच नसतं. त्यातून मार्क मिळाले, तरी व्यावसायिक अभ्यासक्रमाच्या राखीव जागेसाठी दाखल्याची पडताळणी लागते. कागदाअभावी हाताशी आलेली जागा जाते.

विमुक्त जाती आणि भटक्या जमातींकडे २१ नोव्हेंबर १९६१ पूर्वीचा पुरावा मागतात. ज्या जमातींवर इंग्रजांनी कायद्यानं जन्मजात गुन्हेगारीचा शिक्का मारला आणि ज्यांचा तो शिक्का ३१ ऑगस्ट १९५२ ला पुसला गेला, त्यांच्या आज्याकडे सातबारा कुठून असणार? पालात जन्मलेल्या पोराची नोंद ठेवली कुणी?

म्हणून शोध बारावीत नाही, आठवीतच सुरू करा. आजोबा, चुलत आजोबा, आत्या यांच्यापैकी कुणी चार दिवस जरी शाळेत गेलं असेल, तर त्या शाळेतून प्रवेश-निर्गम उतारा काढा. कोतवाल बुकातली जन्म-मृत्यूची नोंद पाहा. वडिलांकडच्या रक्तनात्यात कुणाची पडताळणी झाली असेल, तर त्या प्रमाणपत्राची प्रत आणि वंशावळ जोडा. तो भक्कम पुरावा असतो. काहीच हाती लागलं नाही, तर गृहचौकशीची मागणी लेखी करा आणि अर्जाची पोच घ्या. तोंडी मागणीला कचेरीत किंमत नाही.

धाकट्या भावंडांना जन्मदाखला नाही म्हणून शाळा परत पाठवत असेल, तर मुकाट माघारी येऊ नका. २००९ च्या शिक्षण हक्क कायद्याच्या कलम १४ नुसार वयाचा पुरावा नाही म्हणून प्रवेश नाकारता येत नाही.

आता बाकीच्या वाटा. शाळा सुटलेल्यांसाठी सतरा नंबरचा फॉर्म आहे, मुक्त विद्यालय आहे. कला-वाणिज्य शाखेत कमीपणा नाही. माझं मत विचाराल, तर हातानं काम करायला आवडणाऱ्या पोरानं आयटीआय बघावी. इलेक्ट्रिशियन, फिटर हे दोन वर्षांचे ट्रेड. नंतर शिकाऊ उमेदवारीत विद्यावेतन मिळतं, आणि पुढे शिकायचं असेल तर पॉलिटेक्निकच्या थेट दुसऱ्या वर्षात जाता येतं. पाहुणे नाक मुरडतील. मुरडू द्या, फी ते भरणार नाहीत.

तेव्हा क्लासची चौकशी आठवडाभर बाजूला ठेवा आणि आधी आजोबांच्या गावची शाळा गाठा. नीट पुढच्या वर्षीही देता येईल. शाळेतलं जुनं रजिस्टर मात्र वाळवी रोज खाते आहे.