नक्कल करता करता

इ. स. १८७९ च्या शरदऋतूत जॉन सिंगर सार्जंट नावाचा २३ वर्षांचा अमेरिकन तरुण स्पेनची राजधानी माद्रिद येथे येऊन दाखल झाला. पॅरिसमध्ये तो कारोलुस-द्युराँ या चित्रकाराजवळ शिकत असे. गुरूचे त्याने काढलेले व्यक्तिचित्र त्याच वर्षी पॅरिसच्या वार्षिक प्रदर्शनात वाखाणले गेले होते. दुसरा कोणी ती कीर्ती उपभोगीत बसला असता. सार्जंट मात्र प्रादो संग्रहालयात व्हेलास्केझ या जुन्या राजदरबारी चित्रकाराच्या कृतींपुढे कॅनव्हास मांडून त्यांच्या नकला करू लागला.

त्यांपैकी ‘लास मेनिनास’ हे १६५६ सालचे चित्र जगप्रसिद्ध आहे. एका उंच, काळोख्या दालनात पाच वर्षांची राजकन्या आपल्या सख्यांसह उभी आहे. चित्रकार स्वतःही कुंचला घेऊन एका बाजूस उभा आहे. मूळ चित्र तीन मीटरांहून अधिक उंच. सार्जंटने त्याची पुष्कळ लहान प्रतिकृती केली. दुरून पाहिले असता राजकन्येच्या बाहीवरील नक्षी अगदी रेखीव भासते. जवळ जावे, तो नक्षी नाहीशी होते आणि रंगाचे चार सैल फटकारे तेवढे उरतात. नक्कल करणाराची फजिती होते ती येथेच! नक्षीचा कण न् कण रंगवीत बसल्यास बाही लाकडी होते. म्हणून ते फटकारे कोणत्या क्रमाने पडले असतील, याचा त्याला शोध घ्यावा लागतो : अगोदर छायेचा पातळ थर, त्यावर मधली छटा, आणि उजेडाचा दाट रंग अगदी शेवटी, मोजक्याच ठिकाणी. तैलरंग सावकाश वाळतो; चुकलेला भाग पुसून पुन्हा रंगविता येतो. ही सवलत मोठी खरी, पण घातकही. कारण वारंवार ढवळलेला रंग मळकट होतो. कुंचला केव्हा उचलावा, हे सार्जंटला व्हेलास्केझपासून शिकावयाचे होते.

पुढच्या वर्षी त्याने हॉलंडमधील हार्लेम येथे फ्रान्स हाल्सच्या समूहचित्रांच्या नकला केल्या.

१८८२ साली त्याने पॅरिसमध्ये राहणाऱ्या बॉइट कुटुंबातील चार मुलींचे चित्र रंगविले. चौघींना एकत्र बसविण्याची रूढ पद्धत त्याने सोडून दिली. दोघी पुढे उजेडात, दोघी मागे अंधाराच्या तोंडाशी. त्यांतील एकीचा तर चेहराही धड दिसत नाही. बरीचशी जागा रिकामी व काळोखी आहे. तो काळोख माद्रिदच्या चित्रातला. पण त्या अबोल मुली आणि त्यांच्याहून उंच असे जपानी रांजण सर्वस्वी सार्जंटचे.

२०१० साली बॉस्टनच्या संग्रहालयाने हे चित्र काही काळ प्रादोला दिले. तेथे ते ‘लास मेनिनास’च्या शेजारी लावण्यात आले होते.